शिरूर की लेरूर? विलायतेच्या खानेसुमारीतली पुण्याजवळची गावे

पुण्याच्या आसपासच्या छावण्यांत जन्मलेली गोऱ्या शिपायांची आणि सार्जंटांची मुले पुढे विलायतेस परतली आणि तिथे दर दहा वर्षांनी होणाऱ्या खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत, त्यांची नावे लागली. त्या कागदांत ‘जन्म कुठे झाला’ असा एक रकाना असतो. बहुतेकांच्या बाबतीत तिथे इंग्लंडातल्याच एखाद्या परगण्याचे आणि गावाचे नाव असते. पण अधूनमधून त्या रकान्यात आपली खडकी, आपली दापोडी किंवा आपले शिरूर अशा काही वेषात उभे असते की तिथल्या माणसाला ते गाव जगाच्या नकाशावर सापडत नाही आणि आपल्याला ते आपले आहे हे पटत नाही.

या उद्योगात मी पडले ते शेजारच्या वहिनींच्या मुलामुळे. तो नोकरीनिमित्त लेस्टरला असतो. त्याच्या कचेरीतल्या एका बाईंना आपल्या घराण्यातल्या एका पूर्वज स्त्रीचे जन्मगाव लागत नव्हते, तेव्हा त्याने त्या पानाचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘काकू, हे गाव आपल्याकडचेच दिसते, पण अक्षर लागत नाही.’ मी मोडी वाचते म्हणजे कोणतेही अक्षर वाचू शकेन, अशी आमच्या सोसायटीत एक भाबडी समजूत आहे. ती दूर करण्याच्या भानगडीत मी पडले नाही. तेव्हापासून असे फोटो येत राहतात.

अक्षर लावायला बसण्याआधी तो कागद कसा तयार झाला हे समजून घेणे भाग आहे. ब्रिटनच्या १८४१ च्या खानेसुमारीत जन्मगाव विचारलेच नव्हते. माणूस त्याच परगण्यात जन्मला की नाही आणि नसल्यास तो स्कॉटलंड, आयर्लंड की परदेशातला, एवढेच एकेका अक्षराने नोंदवले जाई, आणि तेही बहुधा शिसपेन्सिलीने. गावाचे नाव मागितले गेले ते ३० मार्च १८५१ च्या खानेसुमारीपासून. मात्र इंग्लंडाबाहेर जन्मलेल्यांनी फक्त देशाचे नाव द्यावे, अशी सूचना होती. म्हणजे नियमाप्रमाणे ‘ईस्ट इंडीज’ एवढे लिहून काम भागत होते, आणि पुष्कळांनी ते तसेच भागवले. ज्यांनी पुढे ‘पूना’ किंवा ‘किरकी’ असे लिहिले, त्यांनी मागितल्यापेक्षा जास्त दिले आहे. त्या जास्तीच्या एका शब्दावर आज सगळा शोध उभा असतो, म्हणून मला त्या अनोळखी माणसांविषयी थोडी कृतज्ञता वाटते.

दुसरी गोष्ट अशी की १९११ पूर्वीच्या खानेसुमारीत आपण जे पान पाहतो ते घरच्यांनी स्वतः भरलेले नसते. घरोघरी छापील तक्ता आधी वाटला जाई, घरातले कोणी लिहिता येत असल्यास तो भरी, नाहीतर गणनेला आलेला माणूस दारात उभा राहून विचारी व लिहून घेई; मग तो घरी बसून सगळे तक्ते एका वहीत उतरवून काढी. ती वही शिल्लक आहे, मूळ तक्ते बहुतेक गेले. त्या वहीवरून लंडनच्या कचेरीत आकडे काढताना तिथल्या कारकुनांनी खुणेच्या रेघा ओढल्या, आणि त्या रेघा नेमक्या नको त्या अक्षरांवरून गेल्या आहेत. अलीकडे त्या वहीचे फोटो पाहून कोणीतरी संगणकावर नावे टंकली. तेव्हा शिरूरला बाळंत झालेल्या आईने मुलीला सांगितलेले गाव, मुलीने मोठेपणी दारातल्या माणसाला सांगितलेले गाव, त्याने ऐकलेले, त्याने वहीत उतरवलेले आणि शेवटी टंकलेले, अशा इतक्या हातांतून ते नाव आपल्यापर्यंत पोहोचते. यांतल्या निम्म्या पायऱ्या कानाच्या आहेत. म्हणून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, हे नाव डोळ्यांनी वाचण्याआधी तोंडाने उच्चारून पाहावे, आणि तेही मराठी माणसाच्या नव्हे तर इंग्रज शिपायाच्या तोंडाने.

इथे पुणेकरांच्या पदरात एक फायदा पडतो, कारण त्या उच्चारांचे जुने नमुने आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. दोन स्वरांमधला आपला ‘ड’ इंग्रजी कानाला ‘र’ ऐकू येई. खडकीची ‘किरकी’ झाली, दापोडीची ‘दापूरी’, घोरपडीची ‘घोरपुरी’ आणि वानवडीची ‘वानवरी’. ही चारही रूपे लष्कराच्या पाट्यांवर आणि जुन्या लोकांच्या बोलण्यात आपण ऐकली आहेत, त्यामुळे आपल्याला त्यांचे काही वाटत नाही. पण लेस्टरच्या माणसाला ‘दापूरी’ दिसली आणि त्याने आजच्या नकाशावर शोधली, तर त्याला ती मिळायची नाही. हाच न्याय गडांना. असीरगडचे ‘असीरघर’ झाले आणि सिंहगडाचे ‘सिंघर’, जे घाईच्या अक्षरात ‘सिंगर’ या शिवणयंत्राच्या नावासारखे दिसू शकते. ‘गाव’ शब्दाच्या शेवटी अनुस्वाराच्या जागी ‘एम’ आला, त्यातून बेळगाव, मालेगाव, तळेगाव यांची ती ठरावीक ‘गॉम’ संपणारी रूपे निघाली. आपला अ ते ‘यू’ने लिहीत, दीर्घ ई दोन ‘ई’ने आणि दीर्घ ऊ दोन ‘ओ’ने. नगरमध्ये ‘यू’ दोनदा येतो तो यामुळेच.

१८७० च्या दशकात सरकारने आपली गावे इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची हंटरसाहेबांची पद्धत स्वीकारल्यावर सरकारी पुस्तकांतली रूपे बदलली. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शिरूर बऱ्यापैकी ओळखीचे दिसते. पूना आणि किरकी मात्र तशीच राहिली, कारण रूढ झालेल्या नावांना हात लावायचा नाही असे ठरले होते. जुन्या माणसांनी तर खानेसुमारीत आपली जुनीच रूपे चालू ठेवली. त्यामुळे नाव कसे लिहिले आहे त्यावरून माणूस कोणत्या पिढीचा हे थोडेफार कळते, पण त्यावर फार भार टाकू नये.

आता ती पहिली नोंद. १८५१ चे पान, इंग्लंडच्या मध्यभागातले एक गिरणीचे गाव. नवरा विणकर, बायको वय ३६, पाठोपाठ मुले. नवऱ्याचे आणि मुलांचे जन्मगाव तिथलेच. बायकोच्या रकान्यात आधी ‘ईस्ट इंडीज’चे संक्षिप्त रूप, म्हणजे एक ‘ई’ आणि पुढे ‘इंडीज’, आणि मग एक शब्द. टंकलेल्या सूचीत तो ‘लेरूर’ असा होता. लेरूर नावाचे गाव मला आपल्याकडे कुठे ठाऊक नाही.

शब्दाचा शेवट स्वच्छ होता: दोन ‘ओ’ आणि ‘आर’. प्रश्न पहिल्या मोठ्या अक्षराचा होता. त्या काळच्या वळणदार लिपीत मोठा ‘एल’ आणि मोठा ‘एस’ दोन्ही वरच्या बाजूला एक फास घेऊन तिरके खाली उतरतात. फरक पडतो तो तळाशी. ‘एल’ तळाला लहानसा फास घेऊन शेपूट उजवीकडे फेकतो, ‘एस’ डावीकडे आत वळून थांबतो. या शब्दात तळाचा भाग नेमका कारकुनाच्या रेघेखाली गेला होता. अशा वेळी त्या एका अक्षराकडे टक लावून काही निष्पन्न होत नाही. त्याच हाताचे इतर ‘एस’ आणि ‘एल’ शोधावे लागतात, आणि खानेसुमारीच्या पानावर त्यांना तोटा नसतो. नात्याच्या रकान्यात ‘सन’ असतो, नोकर असल्यास ‘सर्व्हंट’ असतो, शाळेत जाणाऱ्या मुलांपुढे ‘स्कॉलर’ असते. मजुरांपुढे ‘लेबरर’ असतो. मी वहिनींच्या मुलाला त्याच वहीची मागची-पुढची पाने मागवायला सांगितली आणि हे सगळे शब्द कापून एकाखाली एक लावले. त्या माणसाचा ‘एस’ विचित्र होता. आत वळण्याऐवजी तो शेवटी किंचित उजवीकडे घसरत असे, ‘सन’मध्येही आणि ‘स्कॉलर’मध्येही. त्याचा ‘एल’ मात्र तळाशी चांगला ठळक फास घेई, आणि तसा फास आपल्या शब्दात रेघेच्या दोन्ही बाजूंना कुठे डोकावत नव्हता. म्हणजे ‘सेरूर’.

एवढ्यावर शिरूर म्हणून मोकळे होता आले असते, पण शिरूर नावाची गावे एकाहून जास्त आहेत. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूरकडे शिरूर अनंतपाळ आहे, आणि पुण्याचे शिरूर तर अजूनही ‘घोडनदी’ जोडल्याशिवाय नीट कळत नाही. इथे अक्षराचे काम संपते आणि इतिहासाचे सुरू होते. १८५१ साली ३६ वर्षांची बाई म्हणजे जन्म १८१५ च्या सुमारास, पेशवाई बुडण्यापूर्वीचा. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानुसार दुसऱ्या बाजीरावाकडे इंग्रजांची तैनाती फौज आली आणि तिचे मोठे ठाणे शिरूरला पडले. त्या ठाण्यावरचा कर्नल वॉलेस १८०९ साली वारला, त्याची कबर शिरूरलाच आहे. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ रोजी. पुण्याची आणि खडकीची कायमची छावणी त्यानंतरची. तेव्हा १८१५ च्या आसपास एखाद्या गोऱ्या शिपायाच्या बायकोने पुण्याच्या टापूत मूल जन्माला घातले असेल, तर ते घोडनदीच्या शिरूरला असणे फार स्वाभाविक आहे. बीड-लातूरची शिरूरे निजामाच्या मुलखातली. तिथे तशी छावणी नव्हती. पुढे त्याच बाईची १८६१ ची नोंद निघाली, तीत नुसते ‘ईस्ट इंडीज’ होते. १८७१ च्या नोंदीत मात्र ‘पूनाजवळ’ अशा अर्थाचे दोन शब्द गावापुढे होते. शिरूर पुण्यापासून सुमारे ६७ किलोमीटरवर आहे. विलायतेतून पाहणाऱ्याला ते जवळच.

एकाच माणसाच्या निरनिराळ्या दशकांतल्या नोंदी अशा शेजारी-शेजारी मांडणे हा माझ्या मते या कामातला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. त्या एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून लोक निराश होतात. त्याचे कारण नाही. एका दशकात ‘बॉम्बे’, दुसऱ्यात ‘पूना’, तिसऱ्यात ‘किरकी’, चौथ्यात ‘इंडिया’ असे असू शकते आणि चारही खरी असू शकतात, कारण मुंबई म्हणजे तेव्हा इलाखाही होता. खडकीचा माणूस आजही पुण्याबाहेर गेला की पुण्याचाच असतो.

मोडी वाचणाऱ्याला हा रिवाज नवा नाही. बोरूने लिहिलेल्या मोडी कागदात आधी ओळभर शिरोरेषा ओढलेली असते, शब्द सुटे केलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नसतो. गावाचे नाव कुठे सुरू होते हे कळते ते ‘मौजे’च्या संक्षेपावरून, ज्यात ‘मौ’पुढे दोन उभ्या रेघा असतात. गाव लागले नाही तर पुढची ‘तर्फ’, म्हणजे ते गाव ज्या गावांच्या गटात मोडते त्याचे नाव, वाचावी, तर्फ लागली की त्या तर्फेतली गावे आठवावीत, आणि मग मागे येऊन अक्षर तपासावे. वडगाव एवढेच वाचून काय उपयोग? बुद्रुक, शेरी, मावळ, निंबाळकर, रासाई, अशी पुणे जिल्ह्यातच वडगावांची रांग आहे. भारत इतिहास संशोधक मंडळातल्या एखाद्या जुन्या अभ्यासकाला मोडी कागद दाखवला, तर तो पहिल्या ओळीवर नजर न ठेवता खाली कुठेतरी तर्फ आणि शेजारची गावे शोधू लागतो, हे मी पाहिले आहे. विलायती खानेसुमारीत तर्फ नसते. तिची जागा घेते ती पलटण.

शिपायाच्या घरातली भावंडे वयाप्रमाणे ओळीने लिहिलेली असतात आणि बापाची पलटण जिथे जिथे हलली तिथे तिथे ती जन्मलेली असतात. पहिले मूल बेळगावला, दुसरे पुण्यात, तिसऱ्याचे वाचता येत नाही, चौथे कराचीत, अशी ओळ असल्यास तिसऱ्याचे गाव पुणे आणि कराची यांच्या मधल्या काळातल्या मुक्कामाचे असणार. ब्रिटिश फौजेच्या हजेरीपटांवरून पलटण त्या वर्षी कुठे होती हे काढता येते आणि ते पट लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कधी मूल कूच चालू असताना वाटेतच जन्मलेले असते. मुंबईहून पुण्याला रेल्वे १८५८ मध्ये आली, आणि बोरघाटाचा टप्पा तर १८६३ पर्यंत रेल्वेने पार होत नव्हता. त्याआधी होडीने पनवेल आणि मग घाट चढून खंडाळा, असा रस्ता होता. त्यामुळे जन्मगाव म्हणून पनवेल आले तर नवल नाही. पण त्याचे जुने इंग्रजी रूप ‘वेल’ला जास्तीचा ‘एल’ जोडून लिहीत, आणि ते इतके अस्सल इंग्रजी खेड्यासारखे दिसते की वाचणारा इंग्लंडाचा नकाशा काढून बसतो. किरकीचेही तसेच. स्कॉटलंडात आणि उत्तर इंग्लंडात ‘किर्क’ने सुरू होणारी गावे ढिगाने आहेत, तेव्हा शेवटची दोन अक्षरे पुसट असली की नजर आपोआप तिकडे वळते.

आपली नजरही काही कमी लबाड नाही. पुणेकराला सगळीकडे पुण्याची गावे दिसू लागतात. दापूरी आणि दापूली यांतले एकच अक्षर पुसट असले की मी दापोडी म्हणायला उतावीळ होते, कारण बाजीरावाच्या पदरच्या फोर्डसाहेबाची पलटण दापोडीला होती आणि पुढे गव्हर्नराचा बंगला व सरकारी बागही तिथेच होती. पण कोकणातल्या दापोलीलाही छावणी होती, तिथले लोक अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात, आणि निवृत्तीला आलेले शिपाई तिथे ठेवीत. बाप ‘पेन्शनर’ असेल तर मी कोकणाकडे झुकते. हैदराबाद दोन, एक दक्षिणेतले व एक सिंधमधले. वसईचे इंग्रजी नाव ‘बसीन’, पण त्याच नावाचे बंदर ब्रह्मदेशातही आहे आणि १८५२ च्या लढाईत ते इंग्रजांनी घेतले. तेव्हा १८५२ नंतर जन्मलेल्या मुलापुढे बसीन दिसल्यास वसईचा मोह आवरावा. या शब्दात आणखी एक खोच आहे. जोड ‘एस’ लिहिताना पहिला ‘एस’ लांब काढण्याची जुनी पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती आणि तो लांब ‘एस’ हुबेहूब ‘एफ’सारखा दिसतो. असीरगडलाही हीच अडचण. सूचीत ‘बफसीन’ किंवा ‘अफसीर’ असले काही दिसले तर घाबरू नये.

एवढे सगळे वाचून कोणी विचारील की आपल्या स्वतःच्या पणजोबांची अशी नोंद इथे मिळेल का. मुंबई इलाख्यात २१ फेब्रुवारी १८७२ रोजी खानेसुमारी झाली, मग १७ फेब्रुवारी १८८१ रोजी सबंध देशात एकाच रात्रीची झाली. पण आकडे काढून झाल्यावर माणसांच्या नावांचे तक्ते जपले गेले नाहीत, छापील कोष्टके तेवढी राहिली. त्यामुळे पुण्यात राहून आपण जी खानेसुमारी वाचतो ती परक्यांची असते. १९११ साली तर परदेशांतल्या ब्रिटिश फौजेचीही नावनिशीवार नोंद त्यांच्या खानेसुमारीत झाली, म्हणजे खडकीच्या बराकीतला गोरा शिपाई तिथे सापडतो आणि त्याच छावणीतला भिस्ती सापडत नाही. हे मला दर वेळी खटकते.

जन्मगावाचा पक्का पुरावा हवा असल्यास लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती आहेत, ‘एन’ तीन या खुणेखाली. पुण्याच्या लष्कर भागातले सेंट मेरी चर्च १८२५ चे, तेव्हा त्यानंतरचे पुष्कळ बाप्तिस्मे तिथले. फक्त बाप्तिस्म्याचे गाव आणि जन्माचे गाव एकच असते असे नाही. लहान ठाण्यांना स्वतःचा पाद्री नसे, आणि मूल मोठ्या छावणीत आणून बाप्तिस्मा उरकला जाई.

गाव लागले की सूची ठेवणाऱ्या संकेतस्थळाला दुरुस्ती कळवता येते. ती कळवताना मी वहिनींच्या मुलाला एकच आग्रह धरते: वहीत जसे लिहिले आहे तसे एका ओळीत द्यायचे, अक्षर न अक्षर, चूक असली तरी, आणि आजचे नाव, तालुका व जिल्हा वेगळ्या ओळीत. तिसऱ्या ओळीत आपण हे कशावरून म्हणतो ते लिहायचे, म्हणजे अक्षरावरून, पलटणीवरून की नुसत्या वर्षावरून. लेरूरच्या बाबतीत त्याने तिसरी ओळ गाळायचे ठरवले होते, कारण अर्जात तेवढी जागा नव्हती. मी त्याला पहिली ओळ आखूड करायला न सांगता ती तिसरी ओळ टीपेच्या चौकटीत बसवायला लावली.